वायफाय, स्टोव्हची पिन आणि मी

आमच्या घरात दुरुस्तीची खाती वाटलेली आहेत. मिक्सर, इस्त्री, गळका नळ आणि शिलाईचे मशीन माझ्याकडे. फ्यूज, स्कूटर आणि ज्या ज्या वस्तूला पडदा आहे ती प्रत्येक वस्तू यांच्याकडे. ही वाटणी कोणी केली, केव्हा केली, ते कोणालाच आठवत नाही. पण ती इतकी पक्की, की टीव्हीचा रिमोट रुसला की माझ्या तोंडून आपोआप "अहो" निघते, आणि कुकरचे झाकण बसले नाही की यांच्या तोंडून "अगं". गेल्या दिवाळीनंतर मात्र यांच्या खात्यातली एक वस्तू माझ्याकडे आली. कारण तिच्यावरचा हक्क यांनी सोडून दिला होता. "भंगार आहे ते," म्हणाले.

ते भंगार म्हणजे माझा लॅपटॉप.

तो घेतला २०१५ साली. तेव्हा मी शाळेत लागले नव्हते. घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. दीड वर्ष पैसे बाजूला टाकून २७ हजारांना तो घेतला. आमचा फ्लॅट यांच्या नावावर, स्कूटर यांच्या नावावर, गॅसचे कार्ड सासूबाईंच्या नावावर. माझ्या नावाने पावती फाटली अशी घरातली मोठी वस्तू ही एकच. आता मी एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. प्रश्नपत्रिका टाइप करणे, गुण भरणे, पालकांना चिठ्ठ्या लिहिणे, सगळे त्याच्यावरच. यांचाही एक लॅपटॉप आहे, पण तो ऑफिसचा. त्याला हात लावायचा नाही, हा घरातला नियम आहे आणि तो योग्यच आहे.

गेल्या वर्षी काय झाले, ते बऱ्याच जणींना ठाऊक असेल. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. मुदत वाढवून घेण्याची सोय होती, पण तीही वर्षापुरती. पुढची विंडोज ११ माझ्या लॅपटॉपवर बसत नाही. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. थोडक्यात, यंत्र धडधाकट, पण त्याचे रेशनकार्ड रद्द! हे म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. हजार-दीड हजार येतील."

दिवाळीला नणंदेचा मुलगा आला होता, बंगलोरला नोकरी करतो तो. त्याने लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मामी, देऊ नका हं. लिनक्स टाकतो. अजून पाच वर्षं पळेल." कॉलेजात असताना तो पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या 'प्लग' या गटाच्या बैठकांना जात असे. त्यामुळे त्याला या गोष्टीचे वेड आहे. त्याने हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसून, राउटरची वायर सरळ लॅपटॉपला जोडून, तासाभरात लिनक्स मिंट चढवले. माझ्या सगळ्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून परत जागेवर ठेवल्या. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसू लागली. मी खूष. भाऊबीज झाली, तो रात्रीच्या बसने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायर काढली आणि लॅपटॉप माझ्या जागेवर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेला. तर वायफाय नाही. सिग्नल कमी आहे, पासवर्ड चुकला आहे, असे काही नव्हे. कोपऱ्यात पंख्यासारखे जे चित्र असते तेच नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावेही दिसेनात. सदाशिव पेठेत राहून शेजाऱ्यांचे वायफाय दिसत नाही म्हणजे काय!

"म्हटलं होतं ना," हे म्हणाले, आणि डबा घेऊन ऑफिसला गेले.

मी तशीच हात टेकून बसले होते. सासूबाई वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं, बंद पडलं?"

"बंद नाही आई, इंटरनेट घेत नाहीये."

"मग बघ की काय अडलंय ते. स्टोव्ह पेटला नाही म्हणून आम्ही कधी स्टोव्ह फेकला नाही बाई. आधी रॉकेल आहे का बघायचं, मग पिन मारायची, मग पंपाचा वॉशर. एकदम खोलून नाही बसायचं. जे सोपं ते आधी."

माझ्या सासूबाई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. पण पुढचे दोन महिने मी जे काही केले, ते त्यांच्या या वाक्याच्या बाहेर फारसे गेले नाही.

रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, मी तिकडे असतो तर पाच मिनिटांत केलं असतं." मी म्हटले, "तू तिकडे आहेस. मला सांग, मी करते." शाळेची एक शंभर पानी वही घेतली आणि तो सांगेल ते लिहून घेऊ लागले. ती वही अजून आहे.

पहिला प्रश्न रॉकेलचा. वायफायचे बटणच बंद नाही ना? बऱ्याच लॅपटॉपना वरच्या ओळीत विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असलेले बटण असते. लहान मुलाचा हात लागून ते बंद होते आणि आपण जग शोधत बसतो. जुन्या काही यंत्रांना तर कडेला बारीक सरकती कळ असते. लिनक्सला 'आरएफकिल लिस्ट' असे टाइप करून विचारता येते (हे आज्ञांचे शब्द इंग्रजी अक्षरांतच, लहान लिपीत टाइप करायचे). मग ते दोन ओळींत सांगते: सॉफ्टवेअरने अडवले आहे का, आणि प्रत्यक्ष कळीने अडवले आहे का. आमच्याकडे त्या यादीत वायफायची नोंदच नव्हती. अडवायला कोणी असेल तर ना!

दुसरा प्रश्न. कार्ड आत आहे का, आणि यंत्राला ते दिसते का? त्यासाठी टाइप करायचे 'एलएसपीसीआय', एक जागा सोडून आडवी रेघ, आणि रेघेला चिकटून 'एनएनके'. हे लिहिल्यावर पडद्यावर जो काही पसारा पडला तो बघून मी फोन ठेवायच्याच बेतात होते. भाचा म्हणाला, "सगळं वाचू नका. 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ शोधा." सापडली. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार अक्षरे, मध्ये अपूर्णविराम, पुन्हा चार अक्षरे. हा त्या कार्डाचा खरा पत्ता. पहिली चार अक्षरे कंपनीची, पुढची चार त्या विशिष्ट कार्डाची. खोक्यावर छापलेले नाव काहीही असो, मदत शोधायची ती या आठ अक्षरांवरून. (वायफायचे यंत्र यूएसबीला बाहेरून लावलेले असेल तर 'एलएसयूएसबी' लिहायचे, तिथेही असाच पत्ता मिळतो.)

आणि खरी गोम त्याच्या खालच्या ओळींत होती. इतर भागांखाली लिहिले होते, 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे कोणते तरी नाव. आवाजाला होता, वायरच्या जाळ्याला होता. माझ्या वायफायखाली ती ओळच नव्हती.

"म्हणजे कार्ड ठणठणीत आहे मामी. ड्रायव्हर नाहीये."

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा असे मी इतके दिवस समजत होते. इथे त्याचा अर्थ दुभाषी असा घेतला की सगळे उलगडते. लिनक्सचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एक भाषा बोलतो. प्रत्येक कार्ड आपापल्या कंपनीची भाषा बोलते. मध्ये दुभाषी नसला तर दोघे एका खोलीत समोरासमोर बसून राहतात, गावाकडून आलेल्या पाहुण्यांसारखे. विंडोजसाठी हे दुभाषी कंपन्या स्वतःच तयार करून देतात. लिनक्ससाठीही पुष्कळ कंपन्या देतात, आणि ते कर्नलमध्ये आधीपासून बसवलेले असतात, म्हणून बहुतेकांना काही करावेच लागत नाही. पण काही कार्डांचे दुभाषी कंपनी मोकळे करत नाही. ते वेगळे आणून बसवावे लागतात. आमचे कार्ड त्यातले.

आणखी एक भानगड असते ती फर्मवेअरची. दुभाषी आहे, पण कार्ड जागे होताना त्याला एक छोटी फाइल भरवावी लागते. ती नसली की ते पुन्हा झोपते. 'डीमेसेज' या आज्ञेने (डी, एम, ई, एस, जी अशी अक्षरे) यंत्राची रोजनिशी वाचता येते. तिच्यात 'फर्मवेअर' शब्दाशेजारी 'फेल्ड' दिसले तर दुखणे हे. डेबियन नावाचे लिनक्स वापरणाऱ्यांना हा त्रास फार होता. २०२२ साली त्यांच्या मंडळींनी मतदान घेतले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून अशी फर्मवेअरे अधिकृत प्रतीतच घालायला सुरुवात केली. आमच्या दुखण्याशी याचा संबंध नव्हता, पण एखादीच्या असेल म्हणून सांगितले.

मला राहून राहून प्रश्न पडला, की कंपन्या नाही देत तर हे दुभाषी करतो कोण? मी इतिहासाची बी.ए.; कोणतीही गोष्ट कधीपासून आणि कशी, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लिनक्सचा जन्म १९९१ चा. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लायनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या ऑगस्टमध्ये आपल्या खटपटीची बातमी दिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकरांच्या पुढाकाराने तो इथेच झाला. वायफायच्या दुभाष्यांची गोष्ट पुष्कळशी याच वळणाची आहे.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ब्रॉडकॉमच्या कार्डांची. २००५-०६ च्या सुमाराला त्या कंपनीने आपल्या कार्डांची माहिती उघड केलेली नव्हती. तेव्हा लिनक्सवाल्यांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर काय करतो ते बारकाईने तपासायचे आणि नुसते वर्णन लिहून काढायचे. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर डोळ्यांनीसुद्धा बघायचा नाही, फक्त ते वर्णन वाचून नवा लिहायचा. म्हणजे कोणी चोरीचा आळ घेऊ नये. मला वाचून हसू आले. एकीने शेजारच्या काकूंची आमटी चाखायची आणि काय काय लागले ते चिठ्ठीवर लिहायचे. दुसरीने ती आमटी तोंडाला न लावता केवळ चिठ्ठीवरून करायची. आणि आमटी जमली! जून २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत तो ड्रायव्हर दाखल झाला. कार्डात भरायचे फर्मवेअर मात्र कंपनीचेच घ्यावे लागे. काकूंचा मसाला काकूंकडूनच! पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या काही कार्डांचा खुला ड्रायव्हर जाहीर केला.

हे सगळे वाचण्यात दोन रात्री गेल्या, आणि वायफाय होते तिथेच. सहामाहीच्या निकालाचे गुण भरायला चार दिवस उरले होते. मी हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, राउटरच्या हातभर वायरीला बांधल्यासारखी, गुण भरत होते. यांची क्रिकेटची मॅच चालू. "तूच सांग, किती दिवस असं चालायचं?" हे म्हणाले. रागाने नव्हे, त्यांनाही माझी दया येत असावी. "तपकीर गल्लीतून एक यूएसबीचं ते बोंडूक घेऊन ये. चारपाचशेला मिळतं."

गेले. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन आपल्याला हवी ती वस्तू न मिळता परत येणारी मी पहिलीच बाई असेन. दुकानदाराने चारशे पन्नासचे एक इवलेसे यंत्र पुढे केले. मी विचारले, "लिनक्सवर चालेल?" "ताई, सगळ्यावर चालतं." "आत चिप कोणती आहे?" त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, की साडीच्या दुकानात सूत किती नंबरचे म्हणून विचारले असावे. खोक्यात ड्रायव्हरची सीडी होती, तीही फक्त विंडोजची. शिवाय भाच्याने बजावले होते, की एकाच नावाच्या यंत्राच्या दुसऱ्या खेपेत आत वेगळीच चिप निघू शकते, तेव्हा नावावर जायचे नाही. मी नमस्कार करून परत फिरले. ज्यांच्याकडे चिपचा नंबर सांगणारा दुकानदार आहे, त्यांनी मात्र हा मार्ग जरूर घ्यावा. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेले यंत्र मिळाले तर पाच मिनिटांत सुटका होते.

त्या रात्री मी स्वतः ड्रायव्हर बसवायचे ठरवले. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची खिडकीच आहे. ती कार्ड ओळखून योग्य ड्रायव्हर सुचवते. पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला ड्रायव्हर. माझ्याकडे वायर होती, पण हॉलमध्ये मॅच. तेव्हा भाच्याने एक युक्ती सांगितली, आणि ती प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये, हॉटस्पॉट असते तिथेच, 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचे. फोनचे इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला मिळते, ड्रायव्हर काहीही लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटाही जात नाही. मी जोडले, चालेना. फोन चार्ज होत होता, पण टेदरिंगचे बटण फिके. केबल बदलली, तेच. तिसरी केबल, फोनबरोबर आलेली मूळची, ड्रॉवरच्या तळातून काढून लावली आणि झाले. काही स्वस्त केबलींत नुसत्या विजेच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतातच. या एका गोष्टीपायी माझा पाऊण तास गेला.

ड्रायव्हर उतरला. मग पडद्याने एक पासवर्ड मागितला आणि वर सांगितले, की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना हा पुन्हा विचारला जाईल. मी आठ अक्षरांचा दिला, वहीत लिहिला, यंत्र बंद करून चालू केले, आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून वळते तोवर एक निळा पडदा लुप्त होताना दिसला. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला. वायफाय नाही.

फोनवर भाचा हसत सुटला. "मामी, तो निळा पडदा दहा सेकंदच थांबतो!" गोष्ट अशी आहे. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' म्हणून पहारेकरी असतो. ज्यावर ओळखीची सही नाही असा ड्रायव्हर तो आत घेत नाही. आपण बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरवर यंत्र स्वतःची सही करते, पण ती सही खरी आहे हे घरमालकाने समोर उभे राहून सांगावे लागते, आणि ते सांगण्याची जागा म्हणजे तो निळा पडदा. माणूस प्रत्यक्ष कीबोर्डासमोर आहे याचीच ती खात्री. मी नव्हते, मी कुकरसमोर होते. ड्रायव्हर हाताने चालू करून बघितला तर उत्तर आले, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. किल्ली नाकारली. इतके स्पष्ट सासरीसुद्धा मला कोणी बोलले नव्हते.

पहारेकऱ्याला कायमची रजा देण्याची सोय असते, आणि पुष्कळ लोक तेच करतात. मला ते पटले नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, पासवर्ड पुन्हा दिला. या खेपेला गॅसवर काही नव्हते. सासूबाई दाराशी उभ्या. निळा पडदा आला, मी कोणते तरी बटण दाबले आणि तो थांबला. मग क्रमाने 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', आणि पासवर्ड. टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, घाबरायचे नाही. शेवटी 'रीबूट'.

कोपऱ्यात पंखा आला. खालच्या जोशांचे, समोरच्या क्लासचे, वरच्या मजल्यावरच्या मुलांचे (त्यांनी आपल्या वायफायला ठेवलेले नाव इथे लिहिण्यासारखे नाही) आणि त्या गर्दीत आमचे. सासूबाईंनी विचारले, "काय होतं?" मी म्हटले, "पिन मारली." गुण मी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले, साडेबारा वाजेपर्यंत.

यांना सकाळी सांगितले. "अरे वा," म्हणाले, आणि चहा घेता घेता दोनदा येऊन बघून गेले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते. डिसेंबरात एका रात्री मिंटने सुधारणा आल्या आहेत म्हणून सांगितले, मी हो म्हटले, आणि सकाळी पंखा गायब. त्याच दिवशी दुपारपर्यंत नववीची प्रश्नपत्रिका शाळेला पाठवायची होती. पोटात गोळा आला, पण वही काढली. पहिले पान, बटण, ठीक. दुसरे पान, कार्ड, दिसते आहे. तिसरे पान, ड्रायव्हर. ओळ पुन्हा गेलेली. म्हणजे काय बदलले? कर्नल नवा आला होता. बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम यंत्र आपले आपण करते, पण कधीकधी नव्या कर्नलशी जुन्या ड्रायव्हरचे जमत नाही आणि बांधणी अडते. भाचा मीटिंगमध्ये होता, फोन उचलेना. मग आठवले, की त्याने कधीतरी सांगितले होते, लिनक्स जुना कर्नल लगेच फेकत नाही. यंत्र चालू होताना एस्केपचे बटण दाबत राहिले, यादी आली, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये शिरले, आणि नव्याच्या खालचा जुना निवडला. वायफाय हजर. प्रश्नपत्रिका साडेअकराला गेली. पुढे ड्रायव्हरची सुधारित प्रत आली तेव्हा नव्या कर्नलवर परतले. तोवर महिनाभर जुन्यावर काम केले, काही अडले नाही. लोणचे मुरेपर्यंत जुन्या बरणीतले खावे, तसे.

त्या दिवशी भाच्याचा फोन संध्याकाळी आला. "मामी, मिस्ड कॉल होता? काय झालं होतं?" मी म्हटले, "काही नाही रे, झालं."

शाळेत हे कसे कळले कोण जाणे, बहुधा मीच चार जणींना दोनदोन वेळा सांगितले असेल. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले. प्रयोगशाळेच्या कपाटात कोणी देणगी दिलेले तीन जुने लॅपटॉप होते. त्यांवर कोणीतरी लिनक्स टाकून दिलेले, पण "इंटरनेट घेत नाही" म्हणून ते भंगाराच्या यादीत चढले होते. नववीच्या मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला सायबर कॅफेत जावे लागते, फॉर्ममागे पन्नास रुपये जातात, आणि काही जणी त्यापायी अर्जच भरत नाहीत. बाई म्हणाल्या, "बघता का? नाही जमलं तरी चालेल." मी शनिवारी वही, फोन आणि ती तिसरी केबल घेऊन गेले.

पहिल्या लॅपटॉपचे दुखणे इतके साधे निघाले की सांगायला लाज वाटते. कडेची कळ सरकलेली होती. दोन वर्षे तो कपाटात होता.

दुसऱ्याने मात्र मला दोन शनिवार झुंजवले. त्याला ड्रायव्हर होता, नावे दिसत होती, पण राउटरच्या खोलीत नेले तरच; दाराबाहेर पाऊल टाकले की गप्प. आधी वाटले, वीज वाचवायला कार्ड डुलक्या घेत असेल. तसे होते कधीकधी, आणि ती सवय सेटिंगमध्ये बंद करता येते. ती केली, फरक नाही. मग त्या आठ अक्षरांच्या पत्त्यावरून शोध घेतला. काही लॅपटॉपांत कार्डाला अँटेनाच्या खुंट्या दोन असतात, पण तार एकाच खुंटीला जोडलेली असते. ड्रायव्हर बिचारा दुसऱ्या खुंटीला कान लावून बसतो. मग अगदी जवळचे तेवढेच त्याला ऐकू येते! त्याला एका छोट्या फाइलमध्ये एक ओळ लिहून सांगायचे, बाबा रे, दुसरा कान लाव. त्या ड्रायव्हरच्या नावापुढे 'अँट सेल' आणि एक किंवा दोन हा आकडा. एक घालून बघितले, नाही. दोन घातले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि लॅपटॉप हातात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले. शिपाईमामा माझ्याकडे बघत राहिले. मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीपाशीसुद्धा दोन रेघा होत्या.

त्या दोन लॅपटॉपांवर आतापर्यंत अकरा मुलींचे अर्ज गेले. तिसऱ्याचे चालू करण्याचे बटणच मोडलेले आहे, आणि आत मुंग्यांनी घर केले आहे. तो खरोखरच भंगारात जाणार. मात्र त्याचे वायफाय कार्ड काढून द्या, असे मी बाईंना सांगून ठेवले आहे. दोनच स्क्रू असतात त्याला.